चेनमध्ये ठेवलेली जागा

अनय, मुक्ता, हे लिहिताना माझ्या बोटांना तेलाचा वास येतो आहे. साबणाने दोनदा हात धुऊनही तो नखांच्या कडेला उरतोच. जडसर, थोडा गोडूस, उन्हात तापलेल्या लोखंडाची आठवण देणारा. परवा तुमचा बाबा फोनवर म्हणाला, "आई, बाबांची मोटरसायकल कोणी चालवत नाही. अंगणात नुसती गंजतेय. देऊन का टाकत नाहीस?" मी काही बोलायच्या आत मागून मुक्ताने विचारलं, "आजी, ती आवाज कसा करायची?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते फोनवर मावणारं नाही. म्हणून आज लिहायला बसले.

तुमचा बाबा कॉलेजात होता तेव्हाच्या रविवारच्या सकाळी मला अजून स्वच्छ दिसतात. थंडीचे दिवस, गोदावरीकडून आलेलं धुकं अंगणात रेंगाळलेलं, आणि त्या धुक्यात मधल्या स्टँडवर चढवलेली गाडी, मागचं चाक अधांतरी. आजोबा पाट घेऊन तिच्याशेजारी बसत. चेनच्या झाकणावर एक रबरी बूच असतं. ते काढून आत बोट घालायचं आणि चेन वरखाली दाबून पाहायची. चाक फिरवायचं काम माझं. मी ते हळूहळू फिरवत राही, आरे धुक्यात विरघळल्यासारखे दिसत, आणि फिरणारं चाक पाहता पाहता मन कुठल्या कुठे निघून जाई. मग ते म्हणत, "थांब. इथं ताठ आहे." चेन सगळीकडे सारखी सैल नसते, बाळांनो. फिरता फिरता तिच्यात एखादी जागा ताठ लागते, आणि ढिलाई मापायची ती तिथेच. माणसांचंही असंच नसतं का? ज्याच्या त्याच्या ताठ जागेशी थांबून, बोटाने हलकेच दाबून पाहावं, आणि मगच ठरवावं किती ओढायचं ते.

मला स्वतःला सैल काही आवडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. चादरीला सुरकुती नको, कपड्यांच्या दोरीला झोळ नको. एका दसऱ्याला आजोबांनी गाडी धुऊन पुसून लख्ख केली, हँडलला झेंडूची माळ बांधली, हळदकुंकू वाहिलं आणि सणाच्या दिवशी चेनची खडखड नको म्हणून ती चांगली ओढून घेतली. रिकामी गाडी अंगणात अगदी मुकाट चालली. मग मागे मी बसले, रेशमी साडीत, मांडीवर फराळाचा डबा घेऊन, आणि आम्ही शांताआत्याकडे दिंडोरीला सोनं द्यायला निघालो. म्हसरूळ मागे पडेपर्यंत चेन कण्हू लागली होती. रामशेज किल्ला दिसू लागला तेव्हा तिचा आवाज एखाद्या दुखणेकऱ्यासारखा झाला.

शांताआत्या म्हणजे आजोबांची धाकटी बहीण. तिच्या द्राक्षमळ्याच्या दारात आम्ही पोचलो तोवर तिला तो आवाज लांबूनच ऐकू आला होता. "दादा, गाडी रडवत आणली का रे?" ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळून, "वहिनी, तुम्ही बसल्यावरच रडती वाटतं."

"रिकाम्या गाडीवर मापली ना," आजोबा कपाळावर हात मारून म्हणाले. "माणूस बसलं की मागचा भाग दबतो, चेन आणखी ताणते. अगं, तू उतरू नकोस. बसून राहा."

मी बसून राहिले. आल्यागेल्यांनी आपट्याची पानं द्यायची ती माझ्या मांडीवरच्या डब्यावर ठेवली, शांताआत्याने मला गाडीवरच ओवाळलं, आणि आजोबा खाली धुळीत बसून माझ्या वजनाच्या मापाने चेन सैल करत होते. "वहिनी, लय मान आहे बरं तुमचा," ती म्हणाली. येताना गाडी पुन्हा आपल्या आवाजात बोलू लागली. मुक्ता, तो आवाज म्हणजे मऊ, सलग सळसळ. वाळूवरून पाणी सरकावं तशी.

पुढे काचबिंदूने आजोबांची नजर कडेकडेने आटत गेली. एके दिवशी म्हसरूळच्या वळणावर त्यांना शेजारून आलेला ट्रॅक्टर दिसला नाही. काही झालं नाही. घरी येऊन त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली आणि कित्येक दिवस ते खुर्चीतून उठले नाहीत. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. गाडी सुटली यापेक्षा रस्ता सुटला याचं ते दुःख होतं, आणि ते दुःख त्यांना कुठे घेऊन जाईल याची मला धास्ती वाटू लागली.

एका रविवारी मीच पाना काढला. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना चेन ओढायच्या खुणा असतात, त्या सारख्या करून चेन ओढली, माझ्या आवडीप्रमाणे, दोरीसारखी. आवाज ऐकून आजोबा भिंतीच्या आधाराने आले, बूच काढून त्यांनी बोट आत घातलं, आणि कितीतरी दिवसांनी हसले. "सतार लावतेस का गं? सैल कर."

"आता कोण बसणार आहे हिच्यावर?" मी म्हटलं.

"तू," ते म्हणाले. "तुझी जागा ठेवायला नको?"

मी चेन सैल केली. कोणी बसायच्या आधीच त्याचं ओझं धरून ठेवणारी ती एवढीशी ढिलाई! तिला मी इतकी वर्षं बेशिस्त समजत होते. तुम्ही यायच्या आधी इथल्या तुमच्या खोलीतल्या गाद्यांना मी ऊन दाखवते, तेव्हा आता मला ती आठवते.

तेव्हापासूनचा आमचा नेम असा. मी चेन जुन्या ब्रशने घासते, तेल सोडते, आणि अधांतरी चाक फिरवत राहते. आजोबा डोळे मिटून पाटावर बसतात. चेन सळसळते, आणि ते हळू आवाजात सांगत जातात: दिंडोरी नाका, म्हसरूळ, डावीकडे रामशेज, आता मळ्यांचा ओला वारा. मी चाकाचा वेग थोडा कमी करते. तिथे चढ आहे.

तुमच्या बाबाला सांगा, गाडी आहे. तिच्या चेनवर गंज नाही. आणि दर रविवारी सकाळी आजोबा आणि मी दिंडोरीला जाऊन येतो.