धबधब्यामागची वाडी

आमच्या कंपनीच्या गेटवर फोन जमा करावा लागतो. आत सॉल्व्हंटची पिंपं असतात, एका ठिणगीचीही भीती. पहिल्या पाळीची बस पावणेसातला एमआयडीसीत पोचते, सगळे उतरतात, लाकडी खणात फोन टाकतात, पत्र्याचं टोकन घेतात आणि आत जातात. किशोरदादा सगळ्यात शेवटी. फोन हातात धरून तो गेटबाहेर उभा असतो. अर्धी रिंग वाजली आणि तुटली की फोन बुद्धरत्नच्या हातात देतो. बुद्धरत्न आमचा गेटवरचा रखवालदार.

ती अर्धी रिंग किशोरदादाच्या आईची, अंबूबाईंची. पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला टेपवाडी म्हणून अकरा घरांची वस्ती आहे. त्यातल्या चारच घरांतून आता धूर निघतो. एकवीस सालच्या पावसात वाडीच्या डोक्यावर डोंगराला भेग पडली. सरकारी माणसं येऊन लाल रंगाची खूण करून गेली. पायथ्याशी पत्र्याच्या खोल्या बांधून झाल्या. अंबूबाई काही उतरल्या नाहीत. वाडीत मोबाइलच्या रेंजची एकच कांडी येते, तीही देवळामागच्या फणसाखाली. तिथे येऊन त्या रोज सकाळी मिस कॉल देतात. अर्धी रिंग म्हणजे मी आहे.

किशोरदादा रिअॅक्टरवर ऑपरेटर. वय छत्तीस. तापमान दोन अंशांनी चढलं तरी त्याला काटा बघायच्या आधी कळतं, असं आमच्यात म्हणतात. मी त्याच पाळीत काटे आणि सेन्सर दुरुस्त करतो. पोलादपुरातून आम्ही एकाच बसने येतो, एकाच बाकावर बसतो. त्याच्या फोनमध्ये एक गेम मीच टाकून दिला.

मारामारीचा गेम नव्हता तो. एक ओसाड बेट, तुम्ही नकाशा काढणारे. चालायचं, बघायचं, टिपून ठेवायचं. माझा नकाशा आठवड्यात पुरा झाला आणि मी सोडून दिला. किशोरदादा मात्र रोज पाऊण तास बसमध्ये चालतच राहिला. बेटाच्या उत्तरेला एक धबधबा होता. मी त्याच्यासमोरून दहा वेळा गेलो असेन. किशोरदादा पहिल्याच दिवशी पाण्यात शिरला.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"माझा मामा शिवथरचा. धबधब्यामागं घळ असायचीच. ह्यात कळायचं काय?"

घळीतून पलीकडे एक वाडी निघाली. नकाशात नसलेली. बारा घरं, सगळी रिकामी, आणि प्रत्येक घरात काही ना काही मागे राहिलेलं. कुठे माग, त्यावर अर्धं विणलेलं कापड. कुठे पत्रांची चवड. शाळेच्या भिंतीवर मुलांची नावं आणि एकेका नावावर रेघ. सगळं इंग्रजीत. किशोरदादा स्क्रीनचे फोटो काढायचा आणि मला म्हणायचा, "वाच रे." मग मी मराठीत सांगायचो. कोण कोणाबरोबर बोटीत बसून गेलं, कोणी भावाला शेत दिलं, कोण परत येतो म्हणून कुत्रा बांधून गेलं. माझ्याशिवाय हे त्याला कळणार नव्हतं आणि त्याच्याशिवाय मला दिसलं नसतं.

शेवटच्या घराच्या पायरीवर एक म्हातारी शेंगा सोलत बसलेली होती. तिच्यासमोर गेलं की ती एकच वाक्य बोलायची. मी त्याला अर्थ सांगितला, "ती निघाली की मी निघेन."

"ती कोण?"

ती म्हणजे वरच्या देवळीतली दगडाची मूर्ती. देवळीपुढे उभं राहिलं की स्क्रीनवर हाताचं चिन्ह यायचं.

"उचला," मी म्हणालो. "हाताचं चिन्ह आलं म्हणजे ती उचलायचीच वस्तू."

त्याने फोन माझ्यापासून लांब धरला. "देवाच्या जाग्यावरनं काय आणतात का रे? आमच्या सोमजाईच्या रानातनं वाळकी काटकी आणीत नाय कोन."

"दादा, गेम आहे."

"आसू दे."

पुढच्या बाकावरचा राजेश मागे वळून म्हणाला, "पोरं बंदूक चालवतात, आन् आमचा किशा म्हातारीच्या दारात जाऊन बसतो. आरं, चहा तरी देते का ती?"

सगळे हसले. किशोरदादाही हसला. पण रोज बसमध्ये बसला की तो त्या पायरीपाशी जायचा, थोडा वेळ उभा राहायचा आणि गेम बंद करायचा.

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी तो मला पुन्हा वर टेपवाडीला घेऊन गेला. माझ्या पिशवीत स्टीलची पट्टी होती. भेगेच्या दोन्ही कडांना मी मार्च महिन्यात लोखंडी सळया ठोकून आलो होतो. त्यांच्यातलं अंतर तेव्हा एकवीस सेंटिमीटर होतं, आता सव्वीस. आकडा दाखवला की माणूस ऐकतो, असं मला तेव्हा वाटायचं.

अंबूबाई नाचणीची भाकरी थापत होत्या. मी पट्टीवर बोट ठेवून दाखवलं. त्यांनी पट्टीकडे बघितलंही नाही.

"बाळा, मला काय दावतोस? मी रोज वलांडते ती. आदी पाय टाकीत हुते, आता ढांग टाकते."

"मग आये, चल ना खाली," किशोरदादा म्हणाला. "खोली तयार हाय. तुझ्या सुनेनं, सुप्रियानं चूल बी मांडलीय मागल्या दारी."

"देवीचा कौल नाय."

टेपवाडीत मोठं काही करायचं तर सोमजाईला विचारतात. गुरव पाषाणाच्या दोन खांद्यांवर फुलाची एकेक ओली कळी चिकटवतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. शिमग्यानंतर वर्षातून एकदाच विचारायचं. वाडी खाली न्यायची का, असं तीन वर्षं विचारलं. तिन्ही वर्षं डावी पडली.

जेवण झाल्यावर अंबूबाईंनी लेकाच्या फोनमध्ये डोकावून बघितलं. "ही कोन रं म्हातारी?"

किशोरदादाने सगळं सांगितलं. वाडी, रेघ मारलेली नावं, बांधून ठेवलेला कुत्रा. त्या मन लावून ऐकत होत्या. कुत्र्यासाठी त्या दोनदा चुकचुकल्या. मग म्हणाल्या, "मंग उचल की ती मूर्ती. बिचारी किती दीस बसंल?"

"देव हाय तो, आये."

"आरं खुळ्या, फोनातला देव तो! खोटा हाय. उचल."

"खोटा आसून मला उचलवत नाय," तो म्हणाला, "मंग तुला मी काय सांगू?"

"नको सांगू," अंबूबाई म्हणाल्या. "आमचा खरा हाय." आणि त्या ताटं घेऊन उठल्या.

परत निघताना किशोरदादा देवळापाशी थांबला. चांगू गुरव ओट्यावर बसून विडी ओढत होता. किशोरदादा त्याच्या शेजारी टेकला आणि बराच वेळ कंपनीच्या, पगाराच्या, कशाकशाच्या गप्पा मारत राहिला. मग एकदम खाली बघत म्हणाला, "चांगूकाका, एक बोलू? रागावू नका. पुढल्या टायमाला उजवी कळी जरा सैल लावली तर?"

मला वाटलं, म्हातारा आता काठीच उचलतो. त्याने विडी ओट्यावर घासून विझवली.

"तुला काय वाटतं, मी दगड हाय? माझी बायकू बी हितंच निजते ना." तो देवळाच्या दाराकडे बघत होता. "पयल्या सालापासून सैलच लावतो. औंदा तर उजवीला पानीबी लावलं नव्हतं. नुसती टेकवली हुती. डावी पडली. आता तूच सांग, तू शिकल्याला."

दमट हवा, दगडाचा उतार, कळीचं वजन, अशी दोन-तीन कारणं माझ्या डोक्यात येऊन गेली. एकही त्या म्हाताऱ्यापुढे मांडता आलं नसतं.

उतरताना मला राहवलं नाही. "दादा, मी माझ्या फोनवर ती मूर्ती उचलली. पंधरा दिवस झाले. म्हातारी उठते. गाठोडं घेऊन धबधब्याच्या दिशेने चालायला लागते."

तो पायवाटेवर थांबला. "मंग?"

"मग काही नाही. तिथे गोष्ट संपते. नावं येतात, बनवणाऱ्यांची."

"म्हणजे उतरली का नाय, तुला ठाऊक नाय."

"नाही."

"दुसरा काय मार्ग? तिला समजवायचा, हाताला धरायचा? बघ ना शोधून. तुला येतं त्यातलं."

मी आधीच शोधलं होतं. लोकांचे व्हिडिओ बघितले, त्यांच्या चर्चा वाचल्या. मूर्ती उचलायची, नाहीतर सोडून जायचं. दोनच मार्ग ठेवलेले. तसं सांगितलं तेव्हा तो "बरं" म्हणाला आणि पुढे चालू लागला.

जूनमध्ये वाडी रिकामी करायची नोटीस आली. चारपैकी एक घर उतरलं. किशोरदादाने तीन सुट्ट्या घालवल्या, बहिणीला मुंबईहून बोलावलं, पोरांना आजीपुढे रडायला लावलं. अंबूबाईंनी नातवंडांना फणसाचे गरे बांधून दिले आणि खाली पाठवलं. कौल पुढच्या शिमग्याला. मधे सगळा पावसाळा.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस संततधार होती. घाट बंद झाला. त्या सकाळी गेटवर अर्धी रिंग आली नाही. सात वाजले. पाळी बदलल्याचा भोंगा झाला. आधीच्या पाळीचा ऑपरेटर रिअॅक्टर सोडून निघू शकत नव्हता, बदली माणूस आल्याशिवाय जाता येत नाही, म्हणून किशोरदादाला आत जावंच लागणार होतं. किशोरदादा आईला फोन लावत होता, तो लागत नव्हता.

"दे इकडं," बुद्धरत्न म्हणाला. "खणात टाकत नाय. खिशात ठेवतो. वाजला तर छत्रीबाहेर येऊन हात करीन. तुझ्या मजल्यावरनं दिसतं गेट."

किशोरदादाने टोकन घेतलं नाही, तसाच आत गेला. मी तिसऱ्या मजल्यावर प्रेशरचा काटा उघडून बसलो होतो, एरवी दहा मिनिटांचं काम. त्या दिवशी मी तिथेच राहिलो. तो वाफेचा व्हॉल्व्ह फिरवायचा, तापमान लिहायचा आणि कठड्यापाशी यायचा. पावसात गेट पांढुरकं दिसत होतं. आठला लिहिलं, साडेआठला, नऊला. अक्षर नेहमीसारखंच. साडेनऊच्या रकान्यात त्याने नऊचाच आकडा पुन्हा लिहिला, मग खोडला.

दहा वाजून वीस मिनिटांनी बुद्धरत्न छत्रीबाहेर आला. भिजत उभा राहिला आणि हात वर केला.

किशोरदादा लोखंडी जिन्याच्या पायरीवर खाली बसला. हेल्मेट काढलं, पुन्हा घातलं. मग उठून व्हॉल्व्हकडे गेला.

तीन वाजता फोन परत घेताना त्याने विचारलं, "किती वेळ वाजला?"

"अर्धीच रिंग," बुद्धरत्न म्हणाला. "मी उचलणार होतो, तेवढ्यात तुटला."

किशोरदादाने फोन शर्टाला पुसला. बसमध्ये नेहमीच्या बाकावर बसला, गेम उघडला आणि पायरीपाशी जाऊन उभा राहिला. म्हातारी शेंगा सोलत होती. बाहेर पाऊस होताच.