एकच कळी ठेवली होती

डेलियाच्या नादाला लागू नका, हे मी आता येईल-जाईल त्याला सांगते. त्यातून भिवंडीत तर नकोच नको. आमच्या घरामागे लूमचे कारखाने, पुढे कोन गावाकडे जाणारा रस्ता. मागून रुई उडते, पुढून धूळ, आणि मधे माझं बोटभर अंगण. सकाळी पानं पुसायची, संध्याकाळी पुन्हा तीच पानं पांढरी. शेजारचे चाचा लूमवर मास्टर आहेत. येता-जाता म्हणायचे, "भाभी, इससे अच्छा गोभी लगाओ, सब्जी तो बनेगी." जळ्ळी मेली ती गोभी!

मला फूल हवं होतं, आणि तेही जेवणाच्या ताटाएवढं. कारण आई. आईला काचबिंदू आहे. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली किती टिकेल तेही सांगता येत नाही. दसऱ्यानंतर तिला अंबाडीजवळच्या गावाहून मी माझ्याकडे आणलं. दारातच शेवंती नुसती लगडलेली. तिच्यासमोर उभी राहून आई म्हणते कशी, "अंगणात फुलं न्हाईत का गं तुझ्या?"

तेव्हाच मनात घेतलं, हिची नजर जायच्या आत हिला दिसेल एवढं एक फूल फुलवायचंच.

पण सरळ होईल तर ते डेलिया कसलं! पहिला कंद कुजला. दुसऱ्याचे कोंब गोगलगायींनी फस्त केले. तिसरा लागला, तर त्याच्या आधाराची काठी मांजरानं पाडली. मी दिवसभर त्या कुंडीशी भांडायची, आणि आई ओट्यावर बसून ऐकायची. शेवटी त्यालाच कळ्या धरल्या. म्हटलं, चला, एकदाचं गंगेत घोडं न्हालं.

फूल मोठं हवं तर बाजूच्या सगळ्या कळ्या खुडायच्या आणि शेंड्यावरची एकच ठेवायची, म्हणजे झाडाचा सगळा जोर तिच्यात जातो. जीव तुटत होता, तरी खुडल्या. राहिलेली कळी लिंबाएवढी झाली, टोकाशी पिवळा रंग डोकावायला लागला. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. फुललं की हात धरून तिला समोर उभं करणार होते.

एका सकाळी पानं पुसायला फडकं घेऊन बाहेर आले, तर आई कुंडीपाशी बसलेली. झाडाचा शेंडा बोडका.

"आई, काय केलंस हे?"

"मंजिरी खुडली," ती खुशीत म्हणाली. "रोज या झाडापायी कावतेस ना, म्हटलं फुटवा येऊ दे. तुळशीची मंजिरी खुडली का कशी फुटते! येवढी जाडजूड झालेली, तुझं लक्षच न्हाय."

जन्मभर तिनं पूजेआधी तुळशीच्या मंजिऱ्या खुडल्या. झाड हाताला लागलं की तिची बोटं शेंड्याकडे जातातच. हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण त्या क्षणी तिडीक अशी गेली मस्तकात!

"मंजिरी नव्हती ती, कळी होती! एकुलती एक! तुला दिसावं म्हणून चालली होती ना ही सगळी मरमर! कुणी सांगितलं होतं तुला हात लावायला?"

चाचा रस्त्यातच थांबले. गोभीचं नाव न काढता खाली मान घालून निघून गेले.

आईनं बोडका शेंडा बोटांनी चाचपला. मग म्हणाली, "माझ्यासाठी व्हतं? मग मला सांगायचं न्हाय का गं?"

मी फडकं आपटलं कठड्यावर. आईनं पदराच्या टोकात बांधलेली कळी सोडली, नखानं वरची हिरवी पानं काढली, आतल्या घट्ट पाकळ्या एकेक करून उलगडल्या आणि अगदी डोळ्याला चिकटवून धरल्या.

"पांढरं हाय," ती म्हणाली. "चांगलं हाय."

पिवळंधमक होतं. मी आईचं बोलणं खोडल्याशिवाय एक दिवस काढलेला नाही.

"हो," म्हणाले. "पांढरं."