शुभाचं पाण्याच्या घरचं इंग्रजी

दोघे भागीदार भांडत होते आणि तेही इंग्रजीत, म्हणजे भांडण खानदानी. अंधेरीच्या त्या कंपनीत शुभा नुकतीच टायपिस्ट म्हणून लागली होती. केबिनची भिंत प्लायवूडची, त्यामुळे कान लावायचेही कष्ट नव्हते. आतून शब्द येत होते : ड्रेन, लीक, ड्राय आणि शेवटी एक जोरदार सिंक. बाकीचं सगळं डोक्यावरून गेलं. पण जोगेश्वरीच्या चाळीत वाढलेल्या मुलीला गळकं, आटलेलं आणि बुडणारं कळायला कॉलेज लागत नाही. केबिनमध्ये तर पाणी पिण्यापुरतंच, तेव्हा ही माणसं पैशाबद्दल बोलतायत हे तिने ताडलं. आपल्याकडेही पैसा मुरतो, आटतो, बुडतो. साहेबांचाही तसाच बुडतो, फक्त टाय लावून.

तिने दुसऱ्याच दिवशी नोकरी शोधायला घेतली. दिवाळीच्या आधी कंपनीला टाळं लागलं, तेव्हा शुभा दुसरीकडे टायपिंग करत होती.

तेव्हापासून तिला खोडच लागली. नवा इंग्रजी शब्द भेटला की अर्थ मागाहून, आधी चौकशी, “तू कुणाच्या घरचा रे?” टार्गेट, कॅम्पेन लढाईच्या घरचे. ब्रँच, ग्रोथ झाडाच्या घरचे. कॅश फ्लो पाण्याच्या घरचा. एक घर ओळखीचं झालं की तिथली पोरंटोरं आपण होऊन अंगाखांद्यावर येतात.

निवृत्त झाल्यावर ती घाटकोपरला मधुकर सरांच्या ऑफिस इंग्लिशच्या क्लासात शिकवू लागली. ती मुलांना शब्दांची चित्रं काढायला लावी. सरांना ते बघवत नसे. त्यांचा भरवसा घोकंपट्टीवर.

“मॅडम, हा बालवर्ग आहे का?”

“बालवर्गातलं अजून आठवतं, सर. तुमचं सोमवारचं मंगळवारी आठवत नाही.”

“ती अक्षता मुलाखतीत दोनदा आपटली. तिसऱ्यांदा आपटली तर तुमची बॅच चैतन्यला देणार.” चैतन्य म्हणजे सरांचा भाचा. तो मोबाइलवर शब्द पाठ करून घ्यायचा.

शुभाला ही बॅच सोडायची नव्हती. घरी ती सुनेची ‘अहो आई’ आणि नातवाचा हरवलेला रिमोट शोधणारी. मॅडम ती फक्त या खोलीतच होती.

अक्षता कुरियर कंपनीत फोन उचलायची. तिला तिथेच अकाउंट्समध्ये जायचं होतं, पण मुलाखत इंग्रजीत. शुभाने तिला समोर बसवलं.

“मागल्या खेपेला कुठे घसरलीस?”

“त्यांनी विचारलं, वुई आर फ्लडेड विथ ऑर्डर्स, तू काय करशील? मी म्हटलं, आधी सामान माळ्यावर चढवीन.”

“अगं बये!”

“काय बये? आमच्याकडे पूर आला की फ्रिजसुद्धा स्टुलावर चढतो. पूर कुणाला आवडतो?”

शुभा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली, मग तिने डोळे पुसले. पोरीने घर अगदी बरोबर शोधलं होतं. आत लग्न आहे की तेरावं, एवढं बघायचं राहिलं होतं. आणि ते बघायला तिला कुणी शिकवलंच नव्हतं.

“हे बघ, ऑर्डरींचा पूर म्हणजे लग्नघर. पाहुणे वाढले की आचारी वाढवायचा, भांडी माळ्यावर नाही टाकायची. आता दोन प्रश्न. घर कुणाचं? आणि आत काय चाललंय?”

दोघी आठवडाभर तेच करत बसल्या. सर दारातून डोकावून कपाळाला हात लावून जात.

मुलाखतीच्या दिवशी संध्याकाळी अक्षता क्लासात आली ती धापा टाकत. सरही समोरच होते.

“मॅडम, त्यांनी विचारलं, सेल वाढतोय तरी कॅश ड्राय का? मी म्हटलं, घर पाण्याचं. आत तेरावं.”

“असं म्हणालीस त्यांना?” सर किंचाळले.

“मनात हो, सर! मग म्हटलं, नळ चालू आणि पिंप रिकामं, म्हणजे पाणी मधेच अडकलंय. त्यांना सांगितलं, सर, टॅप इज ओपन, मनी इज स्टक इन पाइप. कस्टमर्स आर नॉट पेइंग. आय विल कॉल देम, एव्हरी डे. आधी हसले, मग म्हणाले, सोमवारपासून वसुलीच्या टेबलावर बस.”

सरांनी घसा खाकरला. “पाया पक्का होता. माझ्याच क्लासात आहे ना ती.”

“हो ना, सर,” शुभा म्हणाली. “आता चैतन्यला सांगा, बॅच भरलीय.”

सर काहीतरी पुटपुटत अक्षताचा फोटो छापायला बॅनरवाल्याला फोन लावायला बाहेर गेले.

पोरं पांगल्यावर शुभाने पंखे बंद केले, कुलूप लावलं आणि किल्ली द्यायला वरच्या मजल्यावर सरांच्या आईकडे गेली. म्हातारी डोळ्यांच्या रोजच्या थेंबांसाठी खाटेवर डोकं मागे टाकून तयारच होती. शुभाने बाटली हलवली.

“पोरीक नोकरी गावली?”

“गावली. हलू नका.”

“मगे आता झील माझो तुका काढूचो नाय.”

“बघू. डोळा उघडा.”

तिने आधी डाव्यात थेंब घातला, मग उजव्यात.