पंचेचाळीसबाई

आमच्या हिशेबखात्यातल्या बाईंना 'पंचेचाळीसबाई' हे नाव मी ठेवलं. आज सगळे ते आदराने घेतात, पण मी ठेवलं तेव्हा त्यात आदर नव्हता. खोडी होती. म्हणून त्यांची गोष्ट सांगायला मीच योग्य माणूस आहे.

आमचा कारखाना पाण्याचे पंप बनवायचा. मी खरेदीखात्यात होतो. स्प्रिंगा, वायसर, गॅस्केट, खोके असला बारीकसारीक माल वीसबावीस छोट्या लोकांकडून यायचा. कुणाचं घराच्या मागच्या खोलीत एक मशीन, कुणाची दोन. माल वेळेवर यायचा; पैसे मात्र आमच्याकडून दोन महिन्यांनी जायचे, कधी चार. मालक वाईट माणूस नव्हता. "मोठी गिऱ्हाइकं मला रखडवतात, मग मी कुठून देऊ?" असं त्याचं म्हणणं. लोक जिन्याखालच्या बाकावर येऊन बसायचे आणि त्यांना "पुढच्या आठवड्यात बघू" म्हणायचं काम माझ्याकडे होतं. ते मी इतक्या वेळा म्हटलं होतं, की म्हणताना मान वर करायचंही सोडून दिलं होतं.

बाई तेव्हा बावन्न वर्षांच्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, आवाज कधी चढायचा नाही. नवरा शाळेत प्रयोगशाळा सांभाळायचा आणि सकाळचा डबा तोच करायचा. त्यात मीठ कमी पडलं की बाई म्हणायच्या, "आज यांनी मापात घेतलंय, अंदाजाने नाही."

एका वर्षी कराचा नवा नियम आला. छोट्या उद्योगाकडून माल घेतलात, तर लेखी कराराप्रमाणे, पण फार तर पंचेचाळीस दिवसांत पैसे द्यायचे. करार नसेल तर पंधरा दिवसांत. मुदत चुकली आणि वर्ष संपेपर्यंतही पैसे दिले नाहीत, तर तो खर्च त्या वर्षीच्या उत्पन्नातून वजा करता येणार नाही. ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे द्याल, त्या वर्षी वजावट. म्हणजे जो पैसा तुम्ही मालावर खर्च केला म्हणता, तो सरकार तुमचा नफाच समजणार आणि त्यावर कर घेणार.

मालकाने लगेच पळवाट काढली. त्याने बाईंना आणि मला खोलीत बोलावलं. "सगळ्या छोट्यांना पत्र पाठवा. त्यांनी ती लघुउद्योगाची नोंदणी रद्द करावी, नाहीतर पुढची ऑर्डर नाही. नोंदणी नाही तर नियम नाही. काय?"

मला ते हुशारीचं वाटलं. बाई म्हणाल्या, "पत्र लिहिते. आधी एक कागद बघता का?"

कागदावर चारच ओळी होत्या. वर्षअखेरीला साठ लाखांची बिलं थकतील. त्यावर कर भरावा लागेल साधारण पंधरा लाख. बँकेचं कर्ज काढून तीच बिलं दोन महिने आधी दिली, तर व्याज पडेल एक लाख.

"पण कराचे पैसे पुढच्या वर्षी वजा होतील ना?" मालक म्हणाला.

"होतील. ते लपवत नाही मी. पण भरायचे आज आहेत, तेही रोख. आणि नोंदणी गेली की त्या लोकांचं बँकेचं स्वस्त कर्ज जाईल. गॅस्केटवाले काका तुम्हाला घाबरून सही करतील हो. मग त्यांचं मशीन बंद पडलं, तर आपले पंप गळतील त्याचं काय करायचं?"

मालकाने चारही ओळींवरून पुन्हा बोट फिरवलं. मग म्हणाला, "वर्ष संपायला तीन महिने आहेत. जमवून दाखवा. नाही जमलं तर पत्र जाईल."

मला वाटलं, बाई आता पैशांसाठी मालकाच्या मागे लागणार. त्या लागल्या बिलांच्या मागे. गॅस्केटचं एक बिल हातात घेऊन त्या फाटकापासून निघाल्या आणि ते जिथे जिथे थांबायचं तिथे तिथे थांबल्या. फाटकावरच्या टोपलीत नऊ दिवस. गोदामात सहा. तपासणीवाल्याच्या टेबलावर तेवीस. मग माझ्याकडे. मालकाच्या सहीला पोचेपर्यंत दीड महिना उलटलेला. पैशांची अडचण होती ती खरी, पण निम्मा उशीर आमच्या आळसाचा होता आणि त्याला आम्ही 'पद्धत' म्हणत होतो.

त्यांनी प्रत्येक टेबलावर तारखेचा शिक्का आणि एक वही ठेवली; बिल आलं की शिक्का दोन्हींवर मारायचा. तपासणीवाला भडकला. "माझा एक तरी हात मोकळा आहे का? शंभर वायसर मोजायचे असतात!" बाई दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याच्या शेजारी जाऊन बसल्या आणि जाडी मोजायचा कॅलिपर धरायला शिकल्या. आठवडाभर रोज अर्धा तास त्या मोजायच्या, तो लिहायचा. ढीग उतरला. नंतर तोच म्हणाला, "बाई, आता या नका, मला सवय लागेल."

तेव्हाच मी ते नाव ठेवलं. चहाच्या वेळी मोठ्याने म्हणालो, "आली पंचेचाळीसबाई! लपवा रे बिलं!" सगळे हसले. बाईंनी ऐकलं. म्हणाल्या, "चालेल की. वयापेक्षा सात कमीच सांगितलेत."

वर्षाचा शेवटचा दिवस आला. दुपारपर्यंत बँकेच्या कर्जातून सगळ्या छोट्यांचे पैसे गेले होते, एक सोडून. गॅस्केटवाल्या काकांचा माल गोदामात येऊन पन्नास दिवस झाले होते, आणि बिलाचा पत्ता नव्हता. फाटकाच्या वहीत शिक्का, गोदामाच्या वहीत शिक्का, तपासणीच्या वहीत शिक्का. पुढे काही नाही.

बाई माझ्या टेबलाशी आल्या. मी कागद वरखाली करायचं नाटक केलं. बिल माझ्याच खणात होतं. झालं असं होतं, की काकांनी मागे एकदा बाकावरून सगळ्यांसमोर विचारलं होतं, "साहेब, तुमच्या आठवड्याला दिवस किती असतात हो?" लोक खदखदून हसले होते. ते मला लागलं होतं. म्हटलं, बसा आता.

बाईंनी खुर्ची ओढली. आवाज खाली आणला. "माझे वडील एका मोठ्या कचेरीत हेडक्लार्क होते, भाऊ. लोकांना हेलपाटे घालायला लावण्यात पटाईत. घरी जेवताना सांगायचे, आज अमक्याला तिसऱ्यांदा परत पाठवला. आम्ही भावंडं हसायचो. मग ती माणसं घरी यायला लागली. दार मी उघडायचे. त्यांना पाणी द्यायचं आणि सांगायचं, बाबा घरी नाहीत. बाबा आत असायचे." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही त्यांच्यासारखे नाही आहात. शोधा, सापडेल."

मी खण उघडला. बिल त्यांच्या हातात देताना म्हणालो, "यावर मागची तारीख टाकू का? कुणाला कळणार नाही."

"नको. उशीर झाला तो झाला. वर्षाच्या आत पैसे गेले की वजावट वाचते, आणि उशिराचं व्याज द्यायचं ते आपण देऊ. एवढं करा, काकांना फोन तुम्ही करा."

पैसे गेल्यावर मी फोन लावला. "काका, पैसे पाठवलेत. बिल माझ्या खणात होतं."

"राहून गेलं का?"

"नाही. मुद्दाम ठेवलं होतं."

मग काका म्हणाले, "बरं झालं बोललात. मला वाटलं, माल खराब निघाला. म्हणून पैसे अडलेत. दोन वेळा साचा उघडून बघितला मी. तयार झालेला एक लॉट भंगारात दिला."

माझ्या रागापायी एका माणसाने स्वतःच्या कामावर शंका घेतली होती. व्याजाच्या कुठल्या रकान्यात हे बसतं, मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. भंगारात गेलेल्या लॉटचे पैसे माझ्या पगारातून देऊ केले. त्यांनी अर्धेच घेतले.

पत्र कधीच गेलं नाही. पुढच्या वर्षी सगळ्यांशी लेखी करार झाले, पंचेचाळीस नव्हे, तीस दिवसांचे. माल सुधारला, कारण ज्याला पैशांची तारीख माहीत असते तो चांगला कच्चा माल घेऊ शकतो. मोठी गिऱ्हाइकं आम्हाला रखडवायची ती रखडवतच राहिली. त्यांच्यापुढे बाईंचंही काही चाललं नाही.

कारखानदारांच्या एका बैठकीत मालकाने त्यांना बोलायला नेलं. मी सोबत होतो. बाई सात मिनिटं बोलल्या, बहुतेक शिक्क्यांबद्दल. एका जाडजूड कारखानदाराने विचारलं, "एवढी उस्तवार करून तुम्हाला काय मिळालं, बाई?"

"पगार," बाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

सभागृह हसलं. आमचा मालक हसला नाही. पुढच्या महिन्यात त्याने कुणाला न सांगता बाईंचा पगार वाढवला. बाई पाकीट घेऊन सरळ त्याच्या खोलीत गेल्या आणि म्हणाल्या, "साहेब, बघता का जरा? आकडा चुकलाय वाटतं."