रविवारी बुजवलेली खांड

कासू स्टेशनला उतरून खाडीच्या दिशेने चालत गेलं की आमची शेतं लागतात. शेतं संपतात तिथे मातीचा बांध, आणि बांधापलीकडे खाडीचं खारं पाणी. डोंगरातला ओढा शेतांमधून येतो आणि बांधातल्या लाकडी झडपेतून, म्हणजे उघाडीतून, खाडीत पडतो. ओहोटीला झडप उघडते, भरतीला आपोआप मिटते. गोडं पाणी बाहेर जावं आणि खारं आत येऊ नये, एवढ्यावर आमच्या गावाचं पोट चाललेलं.

बांधाला भगदाड पडलं की खांड पडली म्हणतात. पूर्वी खांड बुजवायला घरटी एक माणूस यायचा. त्या जथ्याला जोळ म्हणायचे. माझे बाबा मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून आमच्या घरातून काका जायचा, आणि त्याच्या मागे घमेलं घेऊन मी. पुढे माणसं पेणला, रोह्याला कंपन्यांत लागली आणि जोळ मोडला. मीही रोह्याच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले, तिथेच जवळ वरसेला फ्लॅट घेतला आणि सुट्टीपुरती गावची उरले.

जोळ पुन्हा सुरू केला तो मी. हे आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा फार अभिमानाने सांगायचे. फोनवर ग्रुप काढला, गावातून बाहेर पडलेल्या सगळ्यांना त्यात ओढलं. थंडीत ओढ्यातलं प्लास्टिक काढलं. वरच्या वाडीवरच्या बायकांनी आम्हाला गोणीत वाळू भरून ओढ्यावर बंधारा घालायला शिकवलं, आणि आमची घमेली धरायची पद्धत बघून पोटभर हसल्या. आम्ही हिरवे टी-शर्टही शिवून घेतले. काका म्हणाला की चिखलात सगळे शर्ट एकाच रंगाचे होतात. म्हणाला, पण घातला. सगळ्यात मोठ्या मापाचा असूनही त्याला तो पोटावर तंग व्हायचा.

त्याचं दीड एकर अगदी बांधाला लागून होतं. त्यात तो राता पेरायचा, खाऱ्या जमिनीतलं लाल भात. गावात बाकी सगळ्यांनी दुकानातलं बियाणं धरलं होतं. राता फक्त त्याच्याकडे उरला होता, त्याच्या आज्यापासूनचा.

त्या वर्षी नवरात्राच्या सुमारास बांध उघाडीशेजारी झिरपायला लागला. खेकड्यांनी आतून पोखरला होता. भात निसवलेलं, दाणा भरत आलेला. काकाने मला फोन केला आणि म्हणाला, मंगळवारी अष्टमी आहे, मंगळवारी जोळ बोलव. अष्टमीच्या आसपास भरतीचं पाणी कमी चढतं, त्याला भांग म्हणतात. भांगात माती भरली की पौर्णिमेच्या उधाणाआधी तिला बसायला, घट्ट व्हायला आठवडा मिळतो. हे मला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून माहीत होतं.

मी ग्रुपवर विचारलं. मंगळवारी यायला दहाबारा जण तयार झाले. बाकी कुणाची फर्स्ट शिफ्ट, कुणाचं ऑडिट, आणि माझीही रजा शिल्लक नव्हती, म्हणजे मागायचा मला कंटाळा होता. रविवार म्हटल्यावर साठ हात वर आले. साठ माणसं! मी काकाला म्हटलं, दहा जणांनी ओबडधोबड लिंपण्यापेक्षा साठ जण पोकळ माती काढून नवी भरतील, काम कायमचं होईल.

तो म्हणाला, "रविवार तुला हाय गो. पाण्याला नाय."

मी हसले. त्याचं बोलणं मला नेहमीच आवडायचं. मग ग्रुपवर रविवार टाकला.

रविवारी जत्रा भरल्यासारखी माणसं आली. दुपारी पाणी ओसरल्यावर आम्ही पोकळ भाग खणून काढला, म्हणजे होता तोही बांध आम्हीच मोकळा केला, आणि अंधार पडेपर्यंत ओळीने हातोहात चिखल देत तो भरला. काका मधोमध उभा राहून पायाने माती दाबत होता. संध्याकाळी फोटो काढले. त्या फोटोत सगळे हसतायत, एकटा काका मान वळवून खाडीकडे बघतोय.

मंगळवारी पौर्णिमा. भर दुपारी मी लॅबमध्ये असताना काकीचा फोन आला. ओली माती उधाणाला दोन दिवसही टिकली नव्हती. आदल्या दिवशीच्या भरतीला खाली घसरली होती, काका एकटाच फळ्या लावत होता, आणि आता फळ्यांसकट सगळं आत गेलं होतं.

मी पोचले तेव्हा ओहोटी लागली होती, तरी शेतात पाणी तुंबलेलंच. रात्याच्या लोंब्या तेवढ्या वर दिसत होत्या. काका पायरीवर बसून पाय धूत होता. मी त्याच्यापाशी जाऊन रडले. तो म्हणाला, जेवून घे. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

खांड पुढच्या भांगात बुजवली. अकरा जण होतो आणि काम पुरं झालं. अकराच लागत होते.

पण जमीन मिठाने मेली होती. काकाने मातीचा खडा जिभेवर ठेवला, थुंकला आणि सांगितलं की दोन पावसाळे मीठ धुवायला जातील, तिसऱ्याला पेरायचं. मग आम्ही ओढ्याला पाट काढून गोडं पाणी शेतात सोडायला लागलो. वाडीवरच्या बायका वरचा बंधारा सांभाळायच्या, आम्ही ओहोटीला उघाडीतून पाणी काढून टाकायचो. ह्या कामाला मी एकही मंगळवार, बुधवार चुकवला नाही. रजा मिळत होत्या. मागितल्या की मिळतात.

पहिल्या पावसाळ्यात काकाने घरामागच्या पडवीएवढ्या तुकड्यात राता पेरला, मागचं उरलेलं बी जगवायला. "बी दरसाल जमिनीत गेलं पायजे," तो म्हणाला होता. मी मान डोलावली. लक्ष ओढ्याकडे होतं.

पुढच्या शिमग्याआधी काका गेला. छातीत दुखतंय म्हणाला, पेणला न्यायच्या आधीच संपला. त्या वर्षी घरामागे कुणी काही पेरलं नाही. काकीला भान नव्हतं. मला होतं, पण मी बांधावर होते.

ह्या वर्षी तिसरा पावसाळा. पेरणीच्या आधी मी त्याच्या शेतातला मातीचा खडा जिभेवर ठेवला. नुसती माती लागली. मी तिथेच चिखलात बसून राहिले. जे त्याला सांगायचं ते सांगायला कुणी नव्हतं.

काकीने माळ्यावरून काकाने भरून ठेवलेला बियाण्याचा डबा काढून दिला. खाऱ्या जमिनीत मोड आलेलं भात फेकून पेरतात. मी ते वरसेला नेलं, रात्रभर भिजवलं, फडक्यात बांधून वर दगड ठेवला, पाणी शिंपडत राहिले. तिसऱ्या दिवशी गाठोडं सोडलं. वास आला. दाणे मऊ पडले होते. मोड दिसेना. सगळे ताटात पसरून बोटाने एकेक बाजूला केले, एकालाही नव्हता.

संध्याकाळी काकीचा फोन आला. मोड आले का, तिने विचारलं. मी नाही म्हणाले.

"कधी भिजत घातलं व्हतंस गो?"

"रविवारी," मी म्हटलं. "सुट्टी होती."

त्याने काही फरक पडला नव्हता. बी आधीच, न पेरलेल्या वर्षी, मेलं होतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. पण काकीने फोन ठेवला नाही, आणि मलाही ठेवता येईना.