घासून मारलेलं शेवाळ

शेवाळ घासून घासून ठार मारणारं गाव पृथ्वीवर एकच असेल, आणि ते माझं आहे. कुरुंद्याच्या अलीकडं उतरा, हळदीच्या वावरातून चालत या, लागेल.

आमच्या गावाची सगळी नाली ओढ्यात जाते आणि ओढ्याच्या काठालाच माझ्या आत्याची विहीर. आत्या गावातच दिलेली. तिच्या सासरी नवरात्रात घटाला घरच्याच विहिरीचं पाणी लागतं. पण नालीनं ती विहीर अशी नासवली, की माशा चक्कर येऊन पडायच्या आणि पाहुणे फाट्यावरूनच आहेर पाठवून माघारी वळायचे. कैक वर्षं आत्या सणाच्या सकाळी दुसऱ्याच्या दारात कळशी घेऊन उभी राहिली. मला ते बघवायचं नाही.

मग शहरातल्या कॉलेजातून एक इंजिनिअर पोरगी आली. तिनं नालीच्या तोंडाशी दोन हौद बांधून घेतले. पहिल्यात दगडगोटे. त्यांच्यावर बुळबुळीत थर धरतो, त्यातले जीवजंतू घाण खातात. दुसरा उथळ, भर उन्हातला. तिथं शेवाळ वाढतं, पाण्यात प्राणवायू सोडतं आणि उरलीसुरली घाण स्वतःच्या अंगी लावून घेतं. "काका, फक्त ह्या हिरव्याला आणि बुळबुळीला हात लावू देऊ नका," असं सांगून ती गेली. ग्रामसभेत सगळ्यात मोठ्यानं बोलतो म्हणून राखण माझ्या गळ्यात पडली.

लग्नात नवरीकडं पाहिलं नसेल इतकं मी त्या हिरव्या पाण्याकडं पाहिलं. एका म्हशीशी तर अर्धा दिवस वाद घातला. हरली ती. पोळ्यापर्यंत ओढा निवळला, विहिरीचा वास गेला. आत्यानं ओंजळ नाकाशी नेली, पुन्हा नेली. म्हणाली, "औंदा घट माझ्या पाण्याचा रं बाबा."

पित्रपाठात, नवरात्राच्या तोंडावर, आमच्याकडं घरं धुवायला काढतात. भिंती, गोधड्या, भांडी. नवरा आडवा पडलेला दिसला तर त्यालाही घासतील. मी हळद घेऊन वसमतला गेलो होतो. तेवढ्यात सरपंचाच्या डोक्यात आलं, गावाचंही धुणं काढू. बायकांच्या हाती तारेचे ब्रश दिले. येऊन पाहतो तर गोटे लग्नातल्या तांब्यासारखे चकाचक, हौद पांढरेफटक, वरून ब्लिचिंग पावडरचा मारा.

"सरपंच, हे काय केलं?"

"काय म्हंजे? किती बुळबुळ साठली होती! सणासुदीला गावात घाण दिसावी काय?"

"ती घाण नव्हती, घाण खाणारी होती!"

"बघा की, गोटे कसे चमकून राहिले. तुमाला चांगल्याचं कौतुकच न्हाई."

बायका पदरानं घाम पुसत होत्या. त्यांच्यावर काय ओरडू? त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. ह्याला मात्र मी भर ग्रामसभेत सांगितलं होतं. माझा आवाज तेव्हा नांदेडला पोचला असेल, समोरच्या खुर्चीपर्यंत पोचला नाही. त्या दिवशी माझं डोकं इतकं तापलं होतं, की कढई ठेवली असती तर हळद उकडून निघाली असती.

घट बसायच्या सकाळी आत्यानं बादली ओढली. तोच वास. ती रडली नाही. कळशी भरली आणि अनवाणी जाऊन सरपंचाच्या ओट्यावर ठेवली. मी मागं.

"घ्या. तुमचा घट ह्या पाण्यानं भरा."

सरपंचानं उपरणं नाकाला लावलं.

"नाक काहून धरता? तुमीच तर धुतलंय हे."

"तकलीफ करून घेऊ नका, बाई. उद्याच आणखी पोतंभर पावडर टाकायला लावतो."

आत्यानं कळशी तिथंच, त्याच्या रांगोळीवर उलटी केली. मग रिकामी कळशी घेऊन शेजारच्या बोअरवर गेली, दरवर्षीसारखी.

तिच्या घरात घट बसला आणि मी काठी घेऊन हौदावर बसलो. गोट्यांवर अजून काही धरलेलं नाही. पण ते पोतं येऊन तर बघू दे.