ताटातलं कुलूप

त्या दिवशी मी भाजी घेऊन परतले, तेव्हा शेजारच्या शारदाक्का आमच्या फाटकाशी उभ्या होत्या. "अक्का, स्वल्प बसा," एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्या हातातली पिशवी त्यांनी काढून घेतली. मला कळलं. तुमचे आजोबा दुपारच्या झोपेतच गेले होते...

ईशान, अन्वी, आजोबा ऑफिसात नेमकं काय करायचे, असं तुम्ही फोनवर विचारलंत. तेव्हा मला सांगता आलं नाही. आता मन जरा थाऱ्यावर आलंय, म्हणून लिहिते.

कारखान्यात कुणाला विजेचा धक्का बसला, की तो कशामुळे बसला हे शोधून काढणं, हे त्यांचं सरकारी काम. बहुतेक ठिकाणी उत्तर आधीच तयार असायचं: कामगाराचा निष्काळजीपणा. आजोबा तिथून पुढे सुरुवात करायचे. हातमोजे का नव्हते? फाटले होते. मग नवे का आले नाहीत? "उत्तर माणसाच्या नावापाशी थांबलं, तर तपास अर्धाच झाला," असं ते म्हणायचे. घरी आमटी खारट झाली तरी त्यांचा 'का' सुरू व्हायचा. मी म्हणायचे, "अहो, इथे नावापाशीच थांबा. नाव माझंच आहे." मग हसून ते आमटीत पाणी घालून घ्यायचे.

आपल्याकडे, कन्नड मुलखात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी कारखान्यांत आयुधपूजा असते. यंत्रं धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूच्या माळा घालतात. सगळी हत्यारं ताटात मांडून देवापुढे ठेवतात, कोहळा फोडतात आणि शेवटी यंत्रं क्षणभर चालवतात. आजोबांना बऱ्याच ठिकाणची आमंत्रणं असायची. एका वर्षी ते बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात गेले. तिथला वीजतंत्री मंजुनाथ सुट्टीचा फायदा घेऊन मागच्या शेडमधल्या मोटारीची जोडणी बदलत होता. असं काम करणारा माणूस मेन स्विच बंद करून त्याला आपलं कुलूप लावतो आणि किल्ली खिशात ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला वीज चालू करता येत नाही. मंजुनाथनेही लावलं होतं. पण पूजेची वेळ झाली तेव्हा पक्कड, पाना यांच्याबरोबर त्याने ते कुलूपही काढून ताटात ठेवलं. तेही त्याचं आयुधच की. स्विचवरची 'काम चालू आहे' ही पाटी माळेखाली गेली होती. आरती झाली, प्रसाद वाटला गेला आणि मंजुनाथ उरलेलं काम संपवायला मागे गेला. कुलूप ताटातच राहिलं. सुपरवायझरने दरवर्षीसारखा देवाचं नाव घेऊन मेन स्विच वर केला.

आजोबा प्रसाद घेऊन त्याआधीच निघाले होते आणि नुकते घरी पोचले होते. फोन आला तेव्हा प्रसादाच्या चुरमुऱ्यांची पुडी त्यांच्या हातातच होती.

मंजुनाथ वाचला, पण उजवा हात कोपरापासून काढावा लागला. इस्पितळात तो आजोबांना म्हणाला, "सार, कुलूप मीच काढलं. दुसऱ्या कुणाला बोलू नका." आजोबांनी अहवालात त्याच्या नावापाशी थांबायचं नाकारलं. काम अर्धवट असताना पूजा का ठेवली, यंत्रं चालवण्याआधी माणसं का मोजली नाहीत, हे त्यांनी लिहिलं. मंजुनाथची नोकरी राहिली. त्याला स्टोअरमध्ये घेतलं.

पण अहवालात आणखी एक वाक्य होतं. ताटातलं कुलूप तपासणी अधिकाऱ्याने स्वतः पाहिलं होतं आणि तो काही बोलला नाही. त्यांच्या वरच्या साहेबांनी ते वाक्य खोडलं. म्हणाले, "तुम्ही तिथे पाहुणे होता हो, ड्यूटीवर नव्हता." त्या संध्याकाळी मी विचारलं, "का बोलला नाहीत?"

"आरती चालू होती," आजोबा म्हणाले. "आरती संपल्यावर सांगू म्हटलं. मग कुणी नारळ हातात दिला, कुणी हार घातला... राहिलंच."

दुसऱ्या कुणाचं असतं, तर त्यांनी इथून पुढे आणखी चार वेळा 'का' विचारलं असतं. स्वतःच्या बाबतीत मात्र ते नावापाशीच थांबले, ते कायमचे.

मंजुनाथ दरवर्षी दसऱ्याला चुरमुरे घेऊन यायचा आणि वाकून नमस्कार करायचा. आजोबा पाय मागे घ्यायचे. तो येण्याआधी मला म्हणायचे, "यंदा सांगतो त्याला." आणि मग पाऊसपाण्याच्या गप्पा मारून त्याला बस स्टॉपपर्यंत सोडून यायचे. परतले की मी विचारत नसे. चेहऱ्यावरूनच कळायचं.

तेराव्यानंतर मंजुनाथ भेटायला आला. मीच सांगितलं त्याला. आजोबांनी कुलूप पाहिलं होतं, हे सांगायचं त्यांच्या मनात फार होतं, म्हटलं. तो बराच वेळ डाव्या हाताने शर्टाची रिकामी बाही नीट करत राहिला.

"गोत्तु, अम्मा. मला माहीत होतं," तो म्हणाला. "मी कुलूप ताटात ठेवलं, तेव्हा सार माझ्याकडेच बघत होते. मला वाटलं, सारांनी बघितलं, म्हणजे सरी, बरोबरच असणार."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"ते मोठे माणूस. मी कसा विषय काढणार? दरवर्षी येतो, म्हणजे मनात काही नाही, हे त्यांना कळेल असं वाटलं."

त्यांना ते कळलं नाही, हे मी त्याला सांगितलं नाही.

ते कुलूप तपासानंतर आजोबांनी मागून घेतलं होतं. अजूनही ते आपल्या जे. पी. नगरच्या घरात मीटरशेजारच्या खिळ्याला आहे. खाचेत कुंकू आहे. घरात साधा दिवा बदलायचा असला, तरी आजोबा मेन स्विचला तेच कुलूप लावून किल्ली घेऊन बसायचे. तुमचे बाबा त्यावरून त्यांना चिडवायचे. जाताना मंजुनाथची नजर त्या कुलपावर गेली. "घेऊन जा हवं तर," मी म्हटलं. त्याने मान हलवली. "इथेच असू दे, अम्मा. लागेल."

परवा पंखा दुरुस्त करायला माणूस आला. मी मेन स्विच बंद करून कुलूप लावलं. तो हसला. "एन अम्मा, काय हे, पाच मिनिटांचं काम."

"असू दे," मी म्हटलं, आणि त्याचं काम होईपर्यंत किल्ली मुठीत धरून आजोबांच्या खुर्चीत बसून राहिले.